सेव्हिलची पाहुणी आणि चैत्रातली हजेरी

‘महाळुंगे’ म्हटलं की पुण्याची मंडळी ताबडतोब बालेवाडीच्या क्रीडासंकुलाकडे बोट दाखवतात. ते महाळुंगे निराळं. आमचं महाळुंगे चाकणशेजारचं, महाळुंगे इंगळे. आमचे वडील इथल्या प्राथमिक शाळेत १९५६ पासून बारा वर्षं मास्तर होते. तेव्हा गावात कांदा होता, बाजरी होती, भुईमूग होता आणि संध्याकाळी सातनंतर मिट्ट काळोख होता. आता काळोख औषधालासुद्धा मिळत नाही. मोटारसायकलींचे, मोटारींचे, त्यांच्या भागांचे आणि त्या भागांच्या भागांचे कारखाने चाकणपासून तळेगावच्या रस्त्यापर्यंत दाटीवाटीनं उभे आहेत. अशाच एका कारखान्यात चिरंजीव इंजिनियर आहेत. त्यामुळे ज्या गावातून आम्ही बैलगाडीत ट्रंका घालून निघालो होतो, त्याच गावात साठीनंतर लिफ्टनं पाचव्या मजल्यावर राहायला आलो. सोबत आमची सौ., सूनबाई आणि सत्त्याऐंशी वर्षांची आई.

आता या गावात बसून प्रवासवर्णन कसलं लिहिणार, असं कुणी विचारील. माणूस प्रवास करतो सेव्हिलचा आणि लिहितो महाळुंग्याचा, हे जरा विचित्रच. पण घडलं ते तसंच घडलं.

दोन वर्षांपूर्वी चिरंजीवांना कंपनीनं सहा महिन्यांसाठी स्पेनला धाडलं होतं. आम्ही उभयतांनी ती संधी साधली. सेव्हिल हे आंदालुसियाचं मोठं शहर. उन्हाळ्यात आपल्या जळगावची आठवण व्हावी असं ऊन आणि रस्तोरस्ती संत्र्यांची झाडं. ती संत्री मात्र कडू, हे आम्ही एक खाऊन पाहिल्यावर समजलं. सेव्हिलला गेलेल्या माणसानं फ्लामेंको पाहिल्यावाचून परत यायचं नाही, असा दंडकच आहे. काशीला जाऊन गंगेत बुडी न मारण्यासारखंच ते. तेव्हा पहिल्याच संध्याकाळी आम्ही एका ‘ताब्लाओ’मध्ये गेलो. ताब्लाओ म्हणजे फळ्यांचा छोटा मंच असलेलं नाचगाण्याचं उपाहारगृह. माणशी चाळीस युरो मोजले. त्यात एक पेय फुकट होतं. सौ.नं संत्र्याचा रस मागवला आणि तो गोड निघाला, एवढं समाधान पदरात पडलं. नाच झकास होता. पायांचा कडकडाट, झालरींचा घोळ, वर उचललेले हात, सगळं अगदी पोस्टकार्डावरच्यासारखं. तासाभरात संपलं. दार उघडून आम्हाला बाहेर काढलं आणि दुसऱ्या दारानं पुढची रांग आत घेतली.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांच्या कचेरीतल्या एक बाई भेटल्या. चाळिशीच्या, खुद्द सेव्हिलच्या, यंत्रांच्या जाणकार. आमची हकीकत ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तो परगावच्या लोकांसाठी असतो. वाईट नसतो. पण उद्या माझ्याबरोबर चला.”

दुसऱ्या रात्री दहाच्या पुढं त्यांनी आम्हाला नदीपलीकडं नेलं. ग्वादालकिव्हीर नदीच्या पैलतीरावर त्रियाना नावाची वस्ती आहे. कुंभारांची, खलाशांची आणि हिटानो म्हणजे तिथल्या जिप्सी लोकांची ती जुनी वस्ती. तिथं एका गल्लीत ‘पेन्या’ होती. पेन्या म्हणजे फ्लामेंकोच्या षौकिनांचं मंडळ. लाकडी खुर्च्या, भिंतीवर गेलेल्या गायकांच्या तसबिरी आणि तीसचाळीस माणसं. त्यांत आजोबा होते, आज्या होत्या, पेंगुळलेली दोन पोरं होती. एक गिटारवाला बसला होता आणि त्याच्या शेजारी साध्या काळ्या कपड्यातली एक प्रौढ बाई. झालरीबिलरी काही नाही. ती बसूनच गायली. नाच नंतर झाला आणि थोडाच झाला. तेव्हा आम्हाला कळलं की फ्लामेंकोत मूळ आहे ते गाणं. गिटार आणि नाच त्याच्या मागून आले. मधेच कुणीतरी खालच्या आवाजात ‘ओले!’ म्हणे. आपल्याकडे बैठकीत ‘क्या बात है’ म्हणतात ना, तसंच ते. आमच्या सौ.नं उत्साहानं टाळ्या धरल्या तर बाईंनी हळूच तिचा हात दाबला. फ्लामेंकोतली टाळी हे वाद्य आहे. बारा मात्रांचं आवर्तन असतं आणि त्यातल्या कुठल्या मात्रेवर वजन द्यायचं हे ठरलेलं असतं. चुकीची टाळी म्हणजे गाणाऱ्याच्या पायात काठी घालणं.

परतताना पुलावर बाईंनी सांगितलं, की याच गाण्याला त्यांच्या आजोबांच्या पिढीतली प्रतिष्ठित माणसं नाकं मुरडत. दारूच्या गुत्त्यातलं, जिप्सींचं गाणं ते. १९२२ साली ग्रॅनडात मान्वेल दे फाय्या हा संगीतकार आणि तरुण कवी लोर्का यांनी पुढाकार घेऊन या गाण्याची स्पर्धा भरवली, तेव्हा कुठं शिष्ट लोकांचे कान उघडू लागले. आता २०१० पासून ते युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहे.

आणि मग बाईंनी अगदी सहज विचारलं, “तुमच्या गावी कुणी पाहुणा आला तर तुम्ही त्याला कुठं नेता?”

आम्ही चाकणचा भुईकोट सांगितला. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यानं शाहिस्तेखानाविरुद्ध तो पन्नासाहून अधिक दिवस झुंजवला, हेही सांगितलं. बाईंनी आदरानं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “छान. पण नाच कुठं पाहता?”

आम्ही गप्प बसलो. सांगायला काही नव्हतं असं नव्हे. सांगायला होतं, पण आम्ही ते जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं.

पुण्याहून नाशिककडं जाणारा हमरस्ता आमच्या चाकणवरून जातो. त्याला लावणीचाच रस्ता म्हटलं तरी चालेल. पन्नासेक किलोमीटरवर नारायणगाव. तिथल्या भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड आणि त्यांची कन्या विठाबाई. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा सन्मान मिळाला, १९५७ आणि १९९० साली. दिवस भरलेले असताना त्या नाचता नाचता राहुटीत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या, ही कहाणी या भागात अजून सांगतात. नारायणगावाच्या बगलेला जुन्नर. लावणीचा एक प्रकारच ‘जुन्नरी’ म्हणून ओळखला जातो. आणखी वर संगमनेर. पेशवाईतला शाहीर अनंत फंदी तिथला. त्याच भागातल्या हिवरगाव पावसा इथली पवळा. रेठऱ्याचा श्रीधर कुलकर्णी हा ब्राह्मणाचा मुलगा तमाशात शिरून पठ्ठे बापूराव झाला, आणि त्याच्या लावण्या गावोगाव गाजवल्या त्या पवळेनं. एवढी सगळी दौलत दाराशी आणि आम्ही काय पाहिलं? तर चाळीस युरो देऊन सेव्हिलचा ताब्लाओ.

कारण उघड होतं. आम्ही मास्तरांचे चिरंजीव. आमचे वडील सज्जन, अभ्यासू आणि तमाशाचे हाडवैरी. गावच्या जत्रेत तमाशाऐवजी कीर्तन ठेवावं म्हणून त्यांनी एके वर्षी घरोघर फिरून अर्जावर सह्या गोळा केल्या होत्या. मास्तरांचा शब्द म्हणून गावानं तो मानला. पुढल्या वर्षी भरपाई म्हणून दोन फड आणले, ही गोष्ट निराळी! तो काळही तसाच होता. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली होती आणि वगाची संहिता तपासून घेण्यासारख्या अटींवर ती उठली होती. पण हेच वडील १९५९ साली आईला घेऊन पुण्याला ‘विजयानंद’मध्ये ‘सांगत्ये ऐका’ पाहून आले होते. तो बोलपट तिथं एकशे एकतीस आठवडे चालला. पडद्यावरचा तमाशा पांढरपेशांना चालत असे, पटांगणातला नाही.

गेल्या वर्षी फाल्गुनात चिरंजीवांनी बातमी आणली, की त्या बाई कंपनीच्या कामासाठी चाकणला येताहेत. ऐन चैत्रात. “बाबा, त्यांनी विचारलंय, आता तरी नाच दाखवणार का?”

जेवणाच्या टेबलाशी चर्चा सुरू झाली. सौ. म्हणाली, “परक्या बाईला तमाशाला न्यायचं? लोक काय म्हणतील?” सूनबाई म्हणाली, “आई, त्याच बाईंनी तुम्हाला रात्री दहा वाजता त्रियानात नेलं होतं.” यावर सौ.कडे उत्तर नव्हतं. आमची आई ताकभात कालवत होती. ती मान वर न करता म्हणाली, “गाडीत जागा आहे का रे?”

आम्हाला वाटलं, तिला देवदर्शनाला जायचं असेल.

“तमाशाला म्हणते मी,” आई म्हणाली. “बारा वर्षं ऐकला. पाहिला नाही कधी.”

मास्तरांची खोली देवळाच्या मागच्या आळीत होती. जत्रेच्या रात्री दार लावून घ्यायचं, कंदील बारीक करायचा आणि मुलांना झोपवायचं. मास्तरांच्या बायकोनं ओसरीवरसुद्धा यायचं नाही. पण ढोलकीला दार लागत नाही. आईनं त्या भिंतीपलीकडून गण ऐकला, गवळण ऐकली, मावशीचा पुरुषी आवाज ऐकून अंधारात पदर तोंडाशी धरून ती हसली, आणि पहाटेपर्यंत वग ऐकला. कुठल्या प्रसंगाला लोक शिट्या मारतात आणि कुठं अगदी चिडीचूप होतात हे तिला पाठ होतं. दिसलं मात्र काही नाही. “एकदा एक बाई इतकं सुरेख गायली,” आई म्हणाली, “मला फक्त तिचं तोंड बघायचं होतं.”

हे तिनं साठ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही ताटावरून उठलो ते गुप्तहेरगिरीचा निश्चय करूनच.

पहिल्यांदा जवळचं पाहिलं. भोसरीचं अंकुशराव लांडगे नाट्यगृह किंवा चिंचवडचं रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, इथं अधूनमधून लावणीचे कार्यक्रम लागतात. कधी कधी ‘खास महिलांसाठी’ असेही असतात आणि त्यांत बायका अशा मोकळ्या होऊन नाचतात, की दारावरचा पहारेकरी लाजून बाहेर जाऊन बसावा. आई-मुलींनी जावं असे हे कार्यक्रम. मात्र तिकीट काढण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा, वादक आहेत का? पुष्कळ ठिकाणी गाणं यंत्रावर लावतात आणि वर नाचतात. पाय यंत्रामागं धावतात; यंत्र पायासाठी थांबत नाही. ढोलकीवाला थांबतो. नर्तकीच्या भुवईकडं त्याचं लक्ष असतं. तीच तर सगळी गंमत.

मग आम्ही आणि चिरंजीव एका शनिवारी चौफुल्याला जाऊन आलो. शिक्रापूर, न्हावरे करत दोन-सव्वादोन तास लागले. पुणे-सोलापूर रस्त्यावरचं चौफुला हे संगीतबारीचं ठिकाण. हा भेद आम्हालाही तिथंच नीट उमगला. तमाशाचे मुख्य प्रकार दोन. एक ढोलकी-फड. त्यात गण, गवळण, बतावणी, वग असं सगळं. साथीला ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडं, झांज. तो गावोगाव हिंडतो. दुसरी संगीतबारी. ती कला केंद्रात एका जागी मुक्काम करते. साथीला पेटी, तबला, ढोलकी. आणि तिथं राज्य लावणीचं. एकेक पार्टी आपल्या पाळीनं मंचावर येते. ती पाळी म्हणजेच बारी.

त्या संध्याकाळी पुढच्या बाकांवर तरुण पोरं होती आणि त्यांना सिनेमातली गाणी हवी होती. ती त्यांना मिळाली. मग मागून एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं बैठकीच्या लावणीची फर्माइश केली. मघाशी गिरक्या घेणारी तीच बाई पदर सावरून खाली बसली आणि नुसत्या डोळ्यांनी, बोटांनी आणि एका ओळीला दहा परींनी सजवत तिनं अर्धा तास काढला. पोरंसुद्धा गप्प झाली. वाईच्या यमुनाबाई वाईकर या प्रकारच्या मानकरी. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली आणि १०२ वर्षांचं आयुष्य जगून त्या २०१८ मध्ये गेल्या. आम्हाला त्रियानातली ती काळ्या कपड्यातली बाई आठवली. तीही बसूनच गायली होती.

पण सगळंच गोड लिहिलं तर ते खोटं ठरेल. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं १९९४ सालचं ‘कोल्हाट्याचं पोर’ ज्यांनी वाचलंय, त्यांना या दिव्यांमागचा अंधार ठाऊक आहे. नाचणाऱ्या बाईच्या कमाईवर घर चालतं आणि त्या घराला गाव आपलं म्हणत नाही. आम्हीही ते वाचलं होतं. नोटा नाचवणारे हात त्या रात्री पाहिले तेव्हा ते पुस्तक आठवलं आणि जरा वेळ मान खाली गेली. भूषण कोरगावकरांनी २०१४ मध्ये ‘संगीतबारी’ हे पुस्तक या बायकांत वावरून, त्यांच्याशी बोलून लिहिलं; पुढं त्यावर नाट्यगृहात प्रयोगही झाले आणि त्यांत शकुंतलाबाई नगरकरांसारख्या जाणत्या कलावंत स्वतः उभ्या राहिल्या. असा प्रयोग लागला तर सोडू नये.

तरी चौफुल्याला आईला न्यावं असं वाटेना. दोन तासांचा प्रवास, रात्रीची वेळ. चिरंजीव म्हणाले, “नारायणगावला विचारू.”

नारायणगावाला ‘तमाशापंढरी’ म्हणतात, ते उगीच नव्हे. दसऱ्याला फड बाहेर पडतात, हिवाळाभर तंबू ठोकून तिकिटाचे खेळ करतात, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास सगळ्यांच्या राहुट्या नारायणगावात लागतात. तिथं खेळ नसतो, सौदा असतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा. त्या गावांचे पंच आणि तरुण मंडळांचे कारभारी जीप भरभरून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत चहा पितात आणि सुपारी देतात. आम्ही गेलो तर हमरस्त्याकडेला ओळीनं राहुट्या. प्रत्येकीवर फडमालकाच्या नावाची रंगीत पाटी, आत गादी, लोड आणि जाडजूड वही. वहीत तिथी, गाव आणि आकडा. मोठ्या फडांचा आकडा लाखांत जातो. त्यात शंभराच्या आसपास माणसांचं पोट, मालमोटारी, मंच, दिवे, सगळं आलं. २०२० आणि २०२१ मध्ये करोनानं जत्रा बंद पडल्या तेव्हा या वह्या कोऱ्या राहिल्या होत्या. ते सांगताना एका राहुटीतल्या वयस्क व्यवस्थापकानं वहीवरून उगाच हात फिरवला.

आम्ही त्यांना आमची अडचण सांगितली. सत्त्याऐंशी वर्षांची आई, परदेशी बाई, घरच्या लेकीसुना. त्यांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

“बाईमाणूस हाय ना? मग रात्री कशाला येता? हजेरीला या की!”

हजेरी हा शब्द आम्ही शाळेच्या पटावर ऐकलेला. इकडं त्याचा अर्थ वेगळा. रात्री वग संपतो तो पहाटे. कलावंत दोन घटका पाठ टेकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामदैवतापुढं येऊन सेवा रुजू करतात. ती तमाशाची हजेरी. भरदिवसा, देवळासमोर, उघड्यावर. तिकीट नाही. बाया, पोरं, म्हातारी माणसं, सगळा गाव बसतो. दुपारी कुस्त्यांचा आखाडा. खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत जत्रेचा दुसरा दिवस असाच जातो. व्यवस्थापकांनी वही चाळून चाकणच्या आसपासचं एक गाव आणि तिथी सांगितली. वर बजावलं, “दहाच्या आत पोचा. आन् म्हातारीसाठी खुर्ची आणू नका. बायकांत बसू द्या.”

वाचकांपैकी कुणाला जायचं असेल तर एवढं करावं. चैत्र पौर्णिमा ते अक्षय्य तृतीया या दिवसांत नारायणगावच्या राहुट्यांत किंवा आपल्या ओळखीच्या कुठल्याही गावकऱ्याकडं चौकशी करावी. जत्रा तिथीनं चालतात, तारखेनं नव्हे. तेव्हा पंचांग जवळ असावं. टोपी आणि पाणी न्यावं. सुटे पैसे ठेवावेत. आणि फोन खिशात ठेवावा. समोरची बाई कामावर आली आहे, प्राणिसंग्रहालयात नव्हे.

त्या दिवशी आम्ही सकाळी आठला निघालो. सेव्हिलच्या बाई आदल्या रात्रीच येऊन राहिल्या होत्या. आईनं ठेवणीतलं नऊवारी काढलं होतं. चाकणच्या तळेगाव चौकात नेहमीप्रमाणं तासभर अडकलो. मालमोटारींच्या भिंतीत आई दर पाच मिनिटांनी विचारी, “सुरू झालं असेल का रे?”

सुरू झालं होतं. देवळापुढं मोठं झाड, त्याखाली पाणी शिंपडून केलेली मोकळी जागा आणि भोवती माणसंच माणसं. सरपंचांनी बायकांच्या घोळक्यात वाट करून दिली. एका आजीनं आईला घोंगडीवर जागा केली. बाई तिच्या मागं मांडी घालून बसल्या. ती मांडी त्यांना पेन्यातल्या खुर्चीपेक्षा महाग पडली असावी, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

रात्रीचे दिवे नव्हते, पडदे नव्हते. उन्हात सगळं उघडं पडतं. नर्तकींच्या डोळ्यांत काजळ पसरलेलं, पापण्या जागरणानं जडावलेल्या. एकीच्या टाचेला चिकटपट्टी. घुंगरांचं वजन किती असतं ते पाऊल उचलताना दिसत होतं. पण हलगी कडाडली, ढोलकीवर थाप पडली आणि त्या उभ्या राहिल्या, तशी ती झोप कुठल्या कुठं गेली. झीलकरी मागून सूर ओढत होते. सोंगाड्यानं सरपंचांना, फौजदारांना आणि अखेर आमच्या टोपीलाही चिमटा काढला. मग त्यांतली थोराड अंगाची, पन्नाशीची बाई पुढं आली. ती नाचली नाही फारशी. एक हात कानाशी नेऊन तिनं आवाज लावला तेव्हा झाडावरचे कावळेसुद्धा उडाले.

लोक टाळ्या वाजवत होते. बाई मात्र हात मांडीवर ठेवून स्तब्ध होत्या. चिरंजीवांनी वाकून विचारलं, “आवडलं नाही का?”

“अजून मला टाळी कुठं पडते ते कळलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मी तुझ्या आजीकडं बघते आहे.”

आम्ही आईकडं पाहिलं. तिची नजर त्या गाणाऱ्या बाईच्या तोंडावर खिळली होती आणि उजव्या हाताचं एक बोट गुडघ्यावर पडत होतं. लावणी बहुधा आठ मात्रांत चालते, हे आम्हाला पुस्तकातून माहीत. आईला पुस्तक ठाऊक नाही. पण ढोलकीवाला तिहाई घेऊन समेवर यायच्या आधी क्षणभर तिचं बोट वर थांबे आणि बरोबर समेवर पडे. एकदाही चुकलं नाही. अशीच तिला आम्ही भजनात, रेडिओपुढं, अगदी इस्पितळाच्या बाकावरसुद्धा बोट आपटताना पाहिलं होतं. म्हातारपणाची सवय समजत होतो.

थोड्या वेळानं बाईंचंही बोट गुडघ्यावर पडू लागलं. अगोदर चुकत, मग जमत.

लावणी संपली. गावकरी फडाला बिदागी देत होते आणि सोंगाड्या नोट उंच धरून देणाऱ्याचं नाव पुकारत होता. आईनं बटव्यातून पन्नासाची नोट काढली. आम्ही ती न्यायला हात पुढं केला, तर तिनं दिली नाही. ती गाणारी बाईच घामानं निथळत घोंगडीपर्यंत आली. आईनं तिचा हात धरला आणि तिच्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. काही बोलली नाही. त्या बाईनं नोट कपाळाला लावली, वाकून नमस्कार केला.

“नाव काय सांगू, आजी?” सोंगाड्यानं ओरडून विचारलं.

आईनं क्षणभर आमच्याकडं पाहिलं. मग स्वच्छ आवाजात म्हणाली, “महाळुंग्याच्या मास्तरांकडून म्हणा.”

“महाळुंग्याच्या मास्तरांकडून, फडाला पन्नास रुपये!” सोंगाड्यानं आरोळी ठोकली, आणि हलगीवाल्यानं वडिलांच्या नावानं जोरदार कडाका दिला. समोरच्या पारावर एक पिकल्या मिशांचा म्हातारा बसला होता. कधीकाळी वडिलांच्या हातची छडी खाल्लेला असावा. तो आधी चमकला आणि मग इतका हसला, की त्याला ठसका लागला.

परतीच्या वाटेवर चाकणात पुन्हा अडकलो. बाई मागच्या बाकावर आईशेजारी बसल्या होत्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. बाईंनी आपल्या बोटांनी बारा मात्रा वाजवून दाखवल्या. आईनं त्या लक्ष देऊन पाहिल्या आणि “हे कठीण आहे हो,” असा अभिप्राय दिला. सौ. खिडकीबाहेर पाहत, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं, गुणगुणत होती.

महाळुंग्याच्या वळणावर आई म्हणाली, “काल रात्रीचा वग कुठला होता, ते विचारलंस का रे?”

आम्ही विचारलं नव्हतं.

“मग पुढल्या खेपेला रात्रीच जाऊ,” ती म्हणाली. “दुपारी झोप काढीन मी.”